काका म्हणाले, व्हिसा लागत नाही

माझ्या काकांनी वाट लावली. नशीब नाही, ग्रह नाही, ती काउंटरवरची बाईसुद्धा नाही... काका! पाणीपुरवठा खात्यातून हेडक्लार्क म्हणून रिटायर झालेले, उभी हयात लोकांचे अर्ज 'यात त्रुटी आहे' म्हणत परत पाठवण्यात घालवलेले, माझे सख्खे काका. आणि आजही वर तोंड करून विचारतात, "अरे, पण मी वाईट काय बोललो?"

सांगतो ना. माझी ताई परदेशात असते, तिचं तिथेच लग्न ठरलं. लग्न म्हणजे काय, सरकारी कचेरीत जायचं, दोन साक्षीदार उभे करायचे, सह्या ठोकायच्या, झालं. एक साक्षीदार नवऱ्याचा मित्र आणि तिच्या बाजूने मी. मी! ज्याने कॉलेज मधेच सोडलं, ज्याची सही कुरिअरवाल्याशिवाय जगात कुणी मागत नाही, त्याला ती फोनवर म्हणाली, "बाळ्या, सही तुझीच हवी. तू नसलास तर मला लग्न झाल्यासारखं वाटायचं नाही." तुम्हाला सांगतो, मी त्या दिवशी कोऱ्या कागदावर सहीची प्रॅक्टिस केली. हसा, हसा!

बाबा नाहीत, आईचे गुडघे विमानाचं नाव काढलं की दुखतात, म्हणून 'घरातलं मोठं माणूस सोबत हवं' असं ठरलं. कुणी ठरवलं? मोठ्या माणसानेच!

आता त्या देशात थोड्या दिवसांसाठी जायचं तर आपल्या पासपोर्टवाल्यांना व्हिसा लागत नाही. फिरा, नातेवाइकांना भेटा, परत या. नोकरी करायची नाही, नोकरी शोधायची नाही, आणि तरीही आत सोडायचं की नाही ते काउंटरवरचा माणूस ठरवणार. सगळं स्वच्छ लिहिलेलं आहे, मी शेवटपर्यंत वाचलं. काकांनी मथळा वाचला. आणि मग काय विचारता... न्हाव्याच्या खुर्चीत, अर्धा गाल साबणात, "आम्हाला व्हिसा लागत नाही!" लिफ्टमध्ये, दूधवाल्याला, राँग नंबर लागलेल्या बाईला, "व्हिसा लागत नाही हो!" जसं काही त्या सरकारने यांच्या घरी येऊन पाया पडून सांगितलंय, काका, तुम्ही असेच या.

आम्ही निघताना ताईने मेसेज केला. "विचारलं तर खरं सांगायचं. बहिणीच्या लग्नाला आलोय, परतीचं तिकीट आहे. बस. आणि काकांना म्हणावं, त्यांनी बोलू नये." मी वाचून दाखवला. काका म्हणाले, "मला शिकवते? मी ऑफिस चालवलंय!" अहो, तुम्ही ऑफिस अडवलंय, चालवलं कधी?

उतरलो. रांग. शेजारशेजारच्या काउंटरला आम्ही दोघं. काकांनी पासपोर्ट सरकवला, हसले, ठप्प, शिक्का! माझ्या काउंटरवरच्या बाईने मला विचारलं, कशासाठी आलात? बहिणीचं लग्न. परत कधी? हे बघा तिकीट. इथवर सगळं झकास हो! मग ती सहज विचारते, तुम्ही काय काम करता?

आणि मी तोंड उघडणार, तेवढ्यात...

आता एक गोष्ट मधेच सांगायला हवी. मी कॉलेज सोडल्यापासून काकांना कुणीही विचारलं, पुतण्या काय करतो, की त्यांचं उत्तर ठरलेलं. "लागतोय नोकरीला. बाहेर जमतंय त्याचं." बारशात तेच, मयतीत तेच. कारण पुतण्या घरी बसलाय म्हणायची लाज! माझी लाज मला नाही, यांना.

तर ते पलीकडून वाकले, आपल्या शिक्का मारलेल्या पासपोर्टसकट वाकले, आणि छाती काढून म्हणाले, "मॅडम, ही विल डू जॉब! हिअर! व्हेरी हार्डवर्किंग बॉय!"

संपलं! बाईचा पेन तिथेच थांबला.

त्याच बाईने मला आतल्या खोलीत नेलं. जमिनीला ठोकलेल्या खुर्च्या, खिडकी नाही. एक दुभाषी फोनवर, त्यालाही सर्दी.

"इथे नोकरी शोधायला आलात?"

"नाही."

"तुमचे काका म्हणाले."

"काका खोटं बोलले."

"का?"

का! काय सांगू? आमच्याकडे मोठी माणसं खोटं बोलत नाहीत, अब्रू राखतात, हे त्या सर्दीवाल्याने भाषांतर कसं करावं?

"मग तिकडे काय करता?" काही नाही. "शिक्षण?" सोडलं. "बायको, मुलं, घर, धंदा?" नाही, नाही, नाही. "तर मग तुम्ही परत कशासाठी जाल?"

आता बोला. माझ्याकडे परतीचं तिकीट होतं, परतीचं कारण नव्हतं. हे मला माझ्या घरात कुणी एवढ्या सभ्यपणे कधी विचारलं नव्हतं. तिने परत पाठवण्याचा कागद पुढे ओढला.

ताईला फोन करू दिला. ती त्याच इमारतीत, भिंतीपलीकडे, फुलं घेऊन उभी. मी नुसतं 'ताई' म्हटलं, तर ती म्हणाली, "काका बोलले ना?"

आणि काका? ते दारात उभे. जवळ येऊन कुजबुजले, "अरे, तुझ्या भल्यासाठीच बोललो! परक्या बाईसमोर तुला बेकार म्हणू?"

म्हटलं, "म्हणायचं होतं, काका! एकदा तरी खरं म्हणायचं होतं!"

"आवाज चढवू नकोस. तू जा नीट, लग्नाची काळजी नको, मी आहे ना." आणि गेले. आत गेले! त्यांना कोण अडवणार? त्यांना व्हिसा लागत नाही.

मला त्याच विमानात परत बसवलं, आणि हवाई सुंदरी विचारते, ट्रिप कशी झाली?

आठवड्याने काका आले, फोटो घेऊन. ताई, नवरा, टेबल, आणि पेन हातात धरून काका, पुतण्याची फाईल मंजूर केल्यासारखे. आता न्हाव्याकडे नवीन सुरू आहे, "ऐनवेळी मलाच सही करावी लागली हो!"

एकदा दारातून परत पाठवलं की तुमची ती सवलत जाते. तेही लिहिलेलं होतं, अगदी शेवटी.

ताईच्या लग्नाच्या कागदावर सही काकांची आहे. आणि आमच्या घरात व्हिसा फक्त मला लागतो.