प्रिंटरला चालेल ते लिनक्स

तुम्ही लॅपटॉपवर विंडोजऐवजी लिनक्स टाकायचं म्हणताय ना, मग आमचं काय झालं ते ऐका.

आमच्या जुन्या लॅपटॉपवर नवीन विंडोज चालेना. बायको घरी संस्कृत शिकवते, तिला दुसऱ्या दिवशी सकाळी प्रश्नपत्रिका छापून हव्या होत्या. ऑफिसातला नितीन म्हणाला, "लिनक्सचे बरेच प्रकार आहेत, नवशिक्याला मिंट नाहीतर उबंटू. दोन्ही पेन ड्राइव्हवरून चालवून बघ, आणि ज्यातून प्रिंट निघेल ते टाक."

आधी मिंट लावलं. प्रिंटरचं नाव आपोआप दिसलं, म्हणून खुशीत चाचणीचं पान पाठवलं. पडद्यावर आलं, छपाई पूर्ण. समोरचा प्रिंटर मात्र ढिम्म. पुन्हा पुन्हा पाठवलं, तेच. मग उबंटू लावलं, तरी तेच.

"अगं, छापून झालं म्हणतंय."

"मग पान कुठाय?"

"तेच तर कळत नाहीये!"

तेवढ्यात बेल वाजली. दारात वरच्या मजल्यावर राहणारा बायकोचा मोठा भाऊ, हातात कागदांची चळत. दोन्ही घरांचं वायफाय एकच, आणि प्रिंटरही दोघांनी एकाच कंपनीचे घेतलेले. आमचा वायफायला जोडायचाच राहिला होता.

"आमचा प्रिंटर दुपारपासून आपल्या सेवेत आहे," तो म्हणाला. "अजून काही छापायचंय?"

बायकोने लगेच प्रश्नपत्रिका त्याच्याकडेच पाठवल्या. मी मात्र ती चळत उलटसुलट करत बसलो.

"दादा, यातली मिंटची कोणती आणि उबंटूची कोणती? टाकू कोणतं?"

"ते मला कळत नाही," तो म्हणाला, "पण प्रिंटर आमचा चांगला आहे."