दारासमोरची निळी जागा

(रंगाचं दुकान, दुपारची वेळ. काउंटरवर निळ्या रंगाचा एक लिटरचा डबा, न उघडलेला. तो घेऊन आलेली वहिनी, दुकानदार आणि महिन्याभरापूर्वी कामाला लागलेली काउंटरवाली.)

दुकानदार: तुमचं सगळं खरं, वहिनी, पण मशीनवर मिसळलेला रंग परत घेता येत नाही हो. ही बघा ना, एवढी मोठी पाटी लावलीय मागे.

वहिनी: ती पाटी आमच्या ह्यांनीच लिहिलीय.

दुकानदार: हो की. बारा वर्षं झाली असतील. अक्षर बघा, अजून काल लिहिल्यासारखं आहे.

वहिनी: मला बदल्यात काही नको. डबा तेवढा ठेवून घ्या.

दुकानदार: ठेवून घेऊन करू काय मी? ही छटा त्यांनी स्वतः उभं राहून करून घेतली. दुसरं कोण घेणार?

वहिनी: मग फेकून द्या.

दुकानदार: न उघडलेला डबा फेकायचा? काहीतरीच काय! बसा तरी आधी. पाणी मागवू? दादा कसे आहेत?

वहिनी: आहेत.

दुकानदार: म्हणजे, बरे आहेत ना?

वहिनी: आहेत म्हटलं ना. पलंगावर बसलेले असतात. बावीस दिवस झाले. हा डबा समोर स्टुलावर ठेवतात आणि बघत बसतात. आज डोळा लागला तेव्हा उचलून आणला.

दुकानदार: मी चार वेळा फोन केला, वहिनी. देवाशपथ. तोंड उघडतो न उघडतो तोच ठेवून देतात.

वहिनी: तुम्ही ‘माफ करा’ म्हणता. ते ऐकलं की ठेवतात.

दुकानदार: मग माणसाने म्हणायचं तरी काय?

वहिनी: मला नाही माहीत. मी पण काही म्हणत नाही. ताट ठेवते, ताट उचलते.

काउंटरवाली: शेठ, तो फरशीवाला विचारतोय, गाडी कुठे लावू? दारासमोर तर तुमची उभी आहे. — अहो, हा डबा... तुम्ही त्या काकांच्या घरच्या का?

दुकानदार: ताई, तुम्ही आत जा जरा.

काउंटरवाली: का आत जाऊ? मी त्या दिवशी नियमाने वागले. पुढची जागा गिऱ्हाइकांची, पेंटर आणि ठेकेदारांनी गाड्या मागे लावायच्या. पहिल्या दिवशी तुम्हीच सांगितलंत मला.

दुकानदार: अहो पण माणूस बघून...

काउंटरवाली: माणूस बघूनच बोलले मी.

वहिनी: बोलू द्या त्यांना. मला ऐकायचंय. घरी आल्यावर ह्यांनी एकच वाक्य सांगितलं.

काउंटरवाली: काय सांगितलं?

वहिनी: आधी तुम्ही सांगा.

काउंटरवाली: सांगण्यासारखं काय आहे त्यात? आले, पॅन्ट घोट्यापर्यंत, हातात काठी नाही. शर्टावर रंगाचे डाग. मी रंग मिसळून दिला तर अंगठ्याच्या नखावर थेंब घेऊन उजेडात धरला. म्हणाले, अजून काळा टाक, हा आकाशाचा झाला. तीन वेळा परत करायला लावला. असं गिऱ्हाईक करत नाही, पेंटरच करतो. म्हणून मी म्हटलं, पेंटर, पुढे ती गाडी तुमची का? मागे घ्या.

वहिनी: तुम्ही पेंटर म्हणालात.

काउंटरवाली: मग काय म्हणणार? त्यांनी तरी सांगायचं ना, की बाई, माझं अपंगांचं कार्ड आहे, ही जागा माझ्यासाठीच आहे. काचेला लावलेलं असतं म्हणे ते कार्ड. ते नुसते हसले. ‘घेतो बाई मागे’ म्हणाले आणि गेले.

वहिनी: मागे गाडी लावून त्यांनी मला फोन केला.

दुकानदार: हे मला नवीनच.

वहिनी: ‘अगं, ऐक ना, दुकानात नवीन बाई आलीय, तिने मला पेंटर समजून मागे हाकललं.’ इतके हसत होते. मी पोळ्या लाटत होते, मला आधी कळेचना हे कशाला हसतायत. सहा वर्षांत असा आवाज ऐकला नव्हता मी त्यांचा.

दुकानदार: अरेरे.

वहिनी: अरेरे काय त्यात? त्या तिसऱ्या मजल्यावरच्या परांचीवरून पडले, पाय कापावा लागला, तेव्हापासून त्यांना कोणी पेंटर म्हटलं नाही. तुम्ही सुद्धा. आधी दुकानात पाऊल टाकलं की ‘या पेंटर, या पेंटर’ करायचात. पाय गेला आणि दादा झाले.

दुकानदार: मानाने म्हणतो हो मी दादा.

वहिनी: असेल.

काउंटरवाली: मला हे काही माहीत नव्हतं.

वहिनी: तुम्हाला कसं माहीत असणार? पुढचं सांगा.

काउंटरवाली: पुढचं काय... गिऱ्हाइकाचा माल आम्ही गाडीपर्यंत नेऊन देतो. पेंटर आपला डबा आपणच उचलतात. गाडी लावून परत आले आणि त्यांनी पण उचलला. मागच्या उतारावर कोणाचं तरी थिनर सांडलेलं होतं. पडल्याचा आवाज ऐकून मी धावत गेले. बघते तर तो बसवलेला पाय एकीकडे आणि... मी घाबरले हो. त्या क्षणी जे तोंडातून निघालं ते निघालं.

वहिनी: काय निघालं?

काउंटरवाली: तुम्हाला माहीत असेल ते.

वहिनी: नाही सांगितलं त्यांनी.

काउंटरवाली: ‘अपंग आहात ते आधी सांगायचं ना, काका.’ ओरडूनच म्हटलं. पाच-सहा पेंटर होते तिथे, माल भरत होते. सगळे वळून बघायला लागले.

दुकानदार: त्यातले दोघे तर त्यांच्याच हाताखाली शिकलेले.

वहिनी: मग गाडीपर्यंत कसं नेलं?

काउंटरवाली: ते... शेठ, तुम्ही सांगा.

दुकानदार: घाईत कोणाला काय सुचणार, वहिनी? खुर्ची आणायला वेळ गेला असता. डबे नेतो ती ट्रॉली समोर होती.

वहिनी: ‘मला ट्रॉलीवरून नेलं.’ तेवढं एकच वाक्य सांगितलं त्यांनी घरी येऊन.

दुकानदार: चुकलं आमचं. मी काय करू सांगा? पुढे पाटी लावतो, मोठी. त्यांचंच नाव टाकतो. ही जागा फक्त दादांची, दुसऱ्या कोणी गाडी लावली तर माझ्याशी गाठ.

वहिनी: तिथे आत्ता कोणाची गाडी आहे?

दुकानदार: ती होय? ती माझीच आहे. सावली असते तिथे दुपारची. काढतो लगेच.

वहिनी: घाई नाही. ते येत नाहीयेत.

दुकानदार: येतील हो. थोडं मनाला लावून घेतलंय, निघतील त्यातून.

वहिनी: पाय दारामागे उभा आहे, छत्रीसारखा. घालतच नाहीत. तो बनवणारा माणूस काल येऊन गेला. म्हणाला, रोज घातला नाही तर मांडी सुजते, मग जुना पाय बसत नाही. अजून आठवडाभर असंच राहिलं तर हा पाय गेलाच समजा. नवीन करायला परत सहा महिने, परत पहिल्यापासून उभं राहायला शिकायचं. ह्यांनी ऐकून घेतलं आणि भिंतीकडे वळले.

काउंटरवाली: आणि तुम्ही?

वहिनी: मी काय?

काउंटरवाली: तुम्ही काही म्हणाला नाहीत त्यांना?

वहिनी: पहिल्या वेळी, पाय गेला तेव्हा, सगळं म्हणून झालं. रडून झालं, भांडून झालं. आता रडू पण येत नाही. सकाळी उठते तेव्हा तोंडाला चव नसते, रात्री झोपते तेव्हा पण नसते. हा डबा मात्र डोळ्यांसमोर नको झाला. घरात निळं काही नाही. खिडक्या पांढऱ्या, दार तपकिरी. कशाला आणला हेही सांगत नाहीत.

काउंटरवाली: मला सांगितलं होतं.

वहिनी: काय?

काउंटरवाली: त्यांनी विचारलं, गाड्यांच्या चाकाखाली टिकेल असा जमिनीवरचा निळा कोणता. मी म्हटलं, कुठली जमीन? तर बोट बाहेर दाखवलं. ‘ती, तुमच्या दारासमोरची.’ मला वाटलं शेठनीच काम दिलंय.

दुकानदार: मी? मी कधी दिलं?

वहिनी: तुमच्या दारासमोरचा चौकोन कोणी रंगवला होता?

दुकानदार: त्यांनीच की. दुकान उघडलं त्या वर्षी. निळा चौकोन आणि वर पांढरी चाकाची खुर्ची. तेव्हा चांगले धडधाकट होते. गंमत म्हणून म्हणाले पण, शेठ, एवढी ऐसपैस जागा कोणाच्या नशिबात आहे कोण जाणे.

वहिनी: आता दिसते का ती खुर्ची?

दुकानदार: पुसट झालीय थोडी.

काउंटरवाली: थोडी? मला पहिल्या दिवसापासून वाटत होतं, कोणाचं तरी निळं सांडलंय. म्हणून तर मी मागे पाठवलं. चित्र दिसलं असतं तर विचारलं तरी असतं.

वहिनी: मग तो मोठ्या गाडीवाला बरोबरच म्हणत होता.

काउंटरवाली: कोण मोठ्या गाडीवाला?

वहिनी: शेठना विचारा.

दुकानदार: जाऊ द्या ना, वहिनी, ते झालं गेलं.

वहिनी: तुम्ही येण्याच्या आधीची गोष्ट. आम्ही दोघं आलो होतो. एका माणसाने तिथे गाडी लावलेली. हे म्हणाले, राखीव आहे. तो म्हणाला, कुठे लिहिलंय? दाखव. ह्यांनी काठीने जमीन दाखवली, तर तो खाली बघून हसला. तेवढ्यात शेठ बाहेर आले.

दुकानदार: तो पूर्ण इमारतीचा रंग घेणार होता, वहिनी. असं गिऱ्हाईक वर्षातून एकदा येतं.

वहिनी: तुम्ही ह्यांना म्हणालात, ‘दादा, तुम्ही घरचे. दोन मिनिटं थांबा ना गाडीत.’ आम्ही पाऊण तास थांबलो. ऊन होतं. मी म्हटलं, चला घरी. हे म्हणाले, ‘त्याचं काय चुकलं, माझंच चित्र पुसलं गेलंय.’

काउंटरवाली: म्हणून निळा घ्यायला आले.

वहिनी: म्हणून आले असतील. मला आत्ता कळतंय.

दुकानदार: मला एका शब्दाने बोलले असते तर मी माणूस लावून रंगवून घेतलं असतं.

वहिनी: बारा वर्षांत नाही लावलात.

दुकानदार: आता लावतो. उद्याच लावतो. त्यांच्या त्या दोन चेल्यांपैकी एकाला बोलावतो.

काउंटरवाली: कशाला? मीच मारते.

दुकानदार: तुम्हाला येतं?

काउंटरवाली: चौकोन मारायला काय लागतं? घराचं कुंपण मी रंगवलंय. ती खुर्ची तेवढी... त्या चाकाचा गोल कसा काढतात?

वहिनी: खिळा आणि दोरी. जमिनीत खिळा ठोकायचा, दोरीच्या टोकाला खडू बांधायचा. पण दोरी किती लांब ते मला नाही माहीत. मी नुसता खिळा धरून बसायचे.

काउंटरवाली: मग त्यांनाच विचारते. लावा फोन.

दुकानदार: उचलत नाहीत म्हणून सांगतोय ना मघापासून!

वहिनी: उचलतात. उचलून ठेवतात.

काउंटरवाली: मी माफी मागणार नाही. म्हणजे, मागायची आहे मला. रोज त्या उतारावरून जाते तेव्हा वाटतं. पण फोनवर नाही मागणार. चालेल?

वहिनी: चालेल.

काउंटरवाली: मग त्यांना हाक काय मारू? काका म्हणू?

वहिनी: त्या दिवशी पहिल्यांदा काय हाक मारली होतीत?

काउंटरवाली: तीच मारू?

वहिनी: मारून बघा. याहून वाईट काय होणार? हा घ्या, माझाच फोन घ्या. वरचाच नंबर आहे.

दुकानदार: मी बोलू का आधी दोन शब्द? वातावरण जरा...

वहिनी: नको.

काउंटरवाली: वाजतोय. — हॅलो. पेंटर आहेत का? ... रंगाच्या दुकानातून बोलतेय, काउंटरवरची. ... नाही, त्यासाठी नाही केला. तुमचा निळा डबा इथे आलाय. दारासमोरचा चौकोन मारायचाय. चौकोन मी मारते, पण मला गोल येत नाही. दोरी किती घ्यायची?

दुकानदार: काय म्हणतायत?

काउंटरवाली: काही नाही.

वहिनी: ठेवला?

काउंटरवाली: नाही. श्वास ऐकू येतोय.

वहिनी: मग धरून ठेवा.

दुकानदार: एवढा वेळ? म्हणतात तरी काय ते?

काउंटरवाली: थांबा हो. — हां. हां, बोला, पेंटर. ... हो, आहे मी. ... बरं. — विचारतायत, खालची जमीन कोरडी आहे का.

दुकानदार: सांगा ना, कोरडी ठणठणीत आहे. चार दिवस ऊनच आहे.

वहिनी: आधी तुमची गाडी काढा, शेठ. मग ह्या ताईंना खाली हात लावून बघू द्या. अंदाजाने सांगितलेलं आमच्या ह्यांना चालत नाही.