हळू सांग

सुरतच्या उधन्यातल्या कानाच्या दवाखान्यात योगिता वडिलांचा नंबर लागायची वाट बघत होती. शेजारच्या खुर्च्यांवर लोटन आणि त्याची बायको सुमनबाई बसले होते. कारखान्यातल्या कापड विणायच्या लूमच्या खडखडाटात लोटनचे कान गेले होते. आजच त्याला ऐकण्याचं नवं यंत्र बसवलं होतं.

“अहो, येतंय का ऐकू?”

“ओरडू नको. सगळं येतंय.”

“सवय झालीय ओरडायची. आणि कारखान्यात गेल्यावर? तिथली खडखडही मोठी होईल ना?”

“नाही. यात कॉम्प्युटरचं डोकं बसवलंय, इथल्या मॅडम म्हणाल्या. माणूस कुठला आणि मशीन कुठलं, ते आपोआप ओळखतं. मशीनचा आवाज दाबतं, माणसाचा पुढे आणतं.”

“एवढंसं यंत्र?”

“एवढंसंच.”

“मग आता मला जपून बोलायला हवं.”

“का? काय बोलतेस तू?”

“काही नाही. आपली एकटीच पुटपुटते.”

“काय पुटपुटतेस?”

“हेच, की घरात फार एकटं वाटतं मला.”

“मग मला सांगायचंस की.”

“सांगितलं. पुष्कळदा सांगितलं. तुम्ही नुसती मान हलवायचे.”

लोटनने खुर्ची तिच्याकडे वळवली.

“आणखी काय काय सांगितलं होतंस?”

“आता? इथं?”

“इथंच. हळू सांग, येतंय मला.”

सुमनबाईने एकदा योगिताकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. ती सांगत राहिली, लोटन ऐकत राहिला. योगिता अगदी लागून बसली होती, पण तिला त्यातला एक शब्दही ऐकू आला नाही.