हळदीची सही

एम.एस्सी. केमिस्ट्रीला मला किती मार्क पडले ते विचारू नका, आधी हे ऐका. कलबुर्गीत प्रोजेक्ट जमा करायचा शेवटचा दिवस होता. संध्याकाळी पाचची वेळ, हुकली की वर्ष वाया. आणि गाइड सरांची सही बाकी! सर मन्नाएखेळ्ळीला पुतण्याच्या हळदीला गेले होते. मी सकाळची बस धरली आणि थेट मांडवात जाऊन उभी राहिले.

सरांनी हसत सही केली. पण सहीशेजारी त्यांच्या अंगठ्याचा पिवळाधमक ठसा उमटला.

"सर, हळद लागली की!"

"शुभ हाय. पळ आता."

कलबुर्गीच्या स्टँडवर उतरले आणि नळाशी जाऊन त्या डागावर साबणाचं ओलं बोट फिरवलं. डाग निघाला तर न्हाईच, उलट लालभडक झाला.

पाचला दहा कमी असताना ऑफिसची खिडकी गाठली. क्लार्क अण्णा दुबलगुंडीचे. कागद बघून म्हणाले, "सरांनी रक्तानं सही केली काय?"

"न्हाई अण्णा, हळद होती. मी साबण लावला."

"केमिस्ट्री शिकायलीस नव्हं? मग हळदीला साबण कामून लावलास?"

अण्णांनी जेवणाच्या डब्यातली लिंबाची फोड काढून डागावर हलकेच टेकवली. डाग परत पिवळा! मी बघतच राहिले.

"अण्णा, तुमचं शिक्षण काय हो?"

"बी.ए. कन्नड," म्हणाले, आणि शिक्का मारला.