डबी बदलायला अर्धा तास

अर्धा तास? अहो, अर्धा तास तर नुसती सीट उतरवण्यात गेला! आणि वर हा माझा मेहुणा, बायकोचा सख्खा धाकटा भाऊ, दारात उभा राहून चहा फुंकत म्हणतो कसा, "दाजी, काही नाही हो, अर्ध्या तासाचं काम!" तुम्हाला सांगतो, हे तीन शब्द कानावर पडले की अजूनही माझं टाळकं सरकतं.

झालं काय, माझी मोटारसायकल रेसिंगची, पुढे वाकून बसायची, कंबर मोडते पण रुबाब काय! तिच्या सीटखाली एक काळी डबी असते, साबणाच्या वडीएवढी, सीडीआय म्हणतात तिला. इंजिनात ठिणगी कधी पाडायची ते ही बया ठरवणार. आणि कंपनीची डबी इतकी भित्री, की गाडी जरा रंगात आली रे आली की ठिणगीच तोडते, जणू म्हणते, "बास, पुरे झालं!" आता ट्रॅकवर आपल्यासारख्यांना वर्षातून एकच रविवार सोडतात, दहा फेऱ्या, त्याही पन्नाशीच्या आतल्यांना. मला पुढच्या महिन्यात पन्नास पुरी होतायत. म्हणजे हाच शेवटचा रविवार, आलं लक्षात? सहा वर्षं नंबर लागायची वाट बघत होतो मी! तर मेहुणा म्हणाला, "बाहेरची डबी मिळते दाजी, ती घाला, मग बघा कशी पळते. अर्ध्या तासाचं काम!"

शनिवारी सकाळी बसलो. मागचं प्लास्टिक काढलं, त्याला अकरा क्लिपा, त्यातल्या सात तुटल्या. "असू द्या दाजी, चार पुरतात." जुनी डबी सोडवली, नवी घेतली, तर तारांचा प्लग काही केल्या आत जाईना. दाबला, ढकलला, गुडघ्यात धरून रेटला... नाही म्हणजे नाही! मेहुण्यानं डोळे बारीक केले. "हा बघा, प्लगच्या कडेला उंचवटा आहे, तो आडवा येतोय. कंपन्यांची लबाडी हो सगळी, दुसऱ्याचा माल बसू नये म्हणून!" आणि मला पटलं. पटलं हो! बायकोची नखं घासायची कानस आणून मीच, ह्या हातांनी, तो उंचवटा घासून सपाट केला. बसला की प्लग, मुकाट! चावी फिरवली... फुस्स. वास असा सुटला, की शेजारी खिडकीतून विचारतोय, "काय जळलं हो?" म्हटलं, माझं नशीब!

मेहुणा काय म्हणाला असेल? "नवी डबीच खराब दिसतेय, जुनी परत लावा." लावली. तश्शीच. फुस्स!

मग गल्लीतला मेकॅनिक बोलावला. दिवसाला दहा शब्द बोलणारा माणूस. वाकला, प्लग बोटानं चाचपला.

"उंचवटा?"

"घासला."

"का?"

"आडवा येत होता."

त्यानं प्लग उपसून माझ्या हातात ठेवला. "साहेब, उलटा घातलाय प्लग. उलटा जाऊ नये म्हणूनच असतो तो उंचवटा." आणि जाता जाता म्हणाला, "नवी डबी सोमवारी मिळेल. बसवायला काय, अर्ध्या तासाचं काम." तू पण? अरे, तू पण?

रविवारी लागलेला नंबर फुकट जाऊ नये म्हणून माझ्या जागी कोण उतरलं सांगा बघू? मेहुणा! माझ्यासारखीच गाडी त्याची, फक्त रंग वेगळा. मी कुंपणाबाहेर, त्याची पिशवी सांभाळत. खोटं कशाला बोलू, रडू येत होतं मला. सहा वर्षं हो! आणि घरून बायकोचा फोन, "त्याला म्हणावं, जपून चालव." मला एक शब्द नाही!

दहाच्या दहा फेऱ्या मारून आला, हेल्मेट काढलं, घामानं निथळतोय, "दाजी, काय मजा आली म्हणून सांगू!" मी दातओठ खात विचारलं, "तुझी नवी डबी बरी चालली रे?"

"माझ्यात कुठाय? माझ्यात कंपनीचीच आहे. म्हटलं, आधी तुमच्या गाडीवर करून बघू. जमलं, तर मग माझ्यात घालू."

असा संताप आला... हात उचलला होता मी, खरं सांगतो, असा वर उचलला होता! पण काय करता? खाली आणला आणि मुकाट्यानं त्याच्या खांद्यावर ठेवला. घरी त्याच्याच मागे बसून जायचं होतं.