नत्थूभाऊची कोचगिरी

अरे, काय सांगू तुले! आमच्या करडीच्या फुटबॉल टीमचे कोच म्हणजे नत्थूभाऊ. पहिले शंकरपटाच्या शर्यतीत बैलजोडी हाकत. टीव्हीवर अर्जेंटिनाचा कोच पाहून म्हणाले, "तोबी आधी मैदानातच पळे, मंग कोच झाला. लाईनीवरून कसा वरडून राहिला, पाह्य!"

एकोडी गावच्या टीमसोबत फायनल. शेवटचं मिनिट, बरोबरी, अन् बॉल माह्या पायात! भाऊ लाईनीवरून पटातल्यासारखे वरडले, "हुर्रर्र! चल राजा!"

मी सुटलोच. पण बाभळीले बांधलेली भाऊची जोडीबी दावं तोडून सुटली, अन् मले मागं टाकून सरळ गोलकडं! गोलकीपर पळाला, मी गोल मारला!

रेफ्री म्हणे, "हा गोल कसा देऊ?"

भाऊ भडकले, "ऑफसाईड बैल होते साहेब, आमचा गडी नाही!"