जाड राहिलेला काप

त्या सकाळी मी ओट्याशी भांडी घासत होते. पाणी भरून झालं होतं, यांच्या सदऱ्याचं बटण लावायचं राहिलं होतं. हे मागे उभे राहून म्हणाले, "तुझं बरं आहे. भांडं घासून संपत नाही. माझा दगड संपतो."

मी म्हटलं, "मग वेळेवर थांबावं माणसानं."

"थांबलोय ना. काल हात आपोआप थांबला. आत काहीतरी अडकलंय. आज सरांना दाखवतो."

माफ करा, रीत राहूनच गेली. आदरणीय अध्यक्ष, म्हणजे आमचे मोठे सर, व्यासपीठावरील पाहुणे, सहकारी मंडळी, आणि दाराशी ताटकळलेल्या मुलींनो, पुढे या गं, खुर्च्या रिकाम्या आहेत. निवृत्त होणाऱ्या बाईंनी दोन शब्द बोलावेत, असं पत्रिकेत छापलंय. दोनावर भागेल याचा भरवसा नाही.

पाहुण्यांसाठी सांगते. आमचं काम दगडाचे काप करण्याचं. काचपट्टीवर चिकटवलेला दगड ओल्या, खरखरीत पुडीवर बोटांनी घासायचा, केसाहून पातळ होईपर्यंत. मग त्यातून उजेड जातो आणि सूक्ष्मदर्शकाखाली खनिजं दिसतात. यांच्या हातातला तो दगड मंगळावरचा होता, उल्का होऊन पडलेला. बहुतेक सगळा पायरॉक्सीन नावाच्या खनिजाचा.

त्याच सकाळी, प्रयोगशाळेच्या वाटेवर, छातीत कळ येऊन हे गेले. सरांना दाखवायचं राहिलं. सर तेव्हा तरुण होते. त्यांना टेबलावर जाड काप दिसला. त्यांनी नोंदवहीत लिहिलं, "काप जाड राहिला. कारागिराचा हात चुकला." समोर जे होतं तेच लिहिलं, माझा राग नाही. उलट महिन्याभरात घरी येऊन म्हणाले, "वहिनी, भिंतींकडे बघत किती दिवस बसणार? यांच्या जागी या." मी आले. यांच्याच स्टुलावर बावीस वर्षं बसले.

दर वर्षी काम शिकायला मुलांची नवी तुकडी येते. बिघडलेला काप कसा असतो, हे दाखवायला यांचीच काचपट्टी कपाटातून निघते. दाखवायचं काम माझं.

मी शिकले सातवीपर्यंत. पुढचं सगळं आपल्या ग्रंथालयात. तिथल्या ताई चेष्टा करायच्या, "काकू, पुस्तक परत करणार की पाठ करणार?" नऊ वर्षांपूर्वी त्यातल्याच एका पुस्तकात वाचलं. वितळलेल्या खडकात पायरॉक्सीनचा स्फटिक वाढताना त्या रसाचा एखादा थेंब त्याच्या पोटात अडकतो. चहूबाजूंनी बंद. शंभर कोटींहून जास्त वर्षं तसाच राहतो. तो अख्खा बघायचा तर काप जाडच ठेवावा लागतो. पातळ केला की थेंब फुटतो आणि आतलं पाण्याबरोबर वाहून जातं.

जेवणाच्या सुट्टीत मी यांची काचपट्टी भिंगाखाली ठेवली. थेंब होता. गोल, अख्खा, आत एक बुडबुडा.

मग बोलले का नाही? ज्यांनी हात दिला, त्यांचं अक्षर चुकलं कसं म्हणू? मुलांची शिक्षणं व्हायची होती. शिवाय सातवी शिकलेली बाई प्रयोगशाळेला शहाणपण शिकवते, असं झालं असतं. माझ्या पोटातही तो थेंब तसाच राहिला.

सर, कपाटाची किल्ली तुमच्यासमोर ठेवते. एकदा भिंगातून बघा. पटलं तर जुन्या ओळीखाली तुमच्याच हाताने लिहा, "हात चुकला नव्हता. थांबला होता." निरोपाचं घड्याळ सुंदर आहे, पण मला घरी न्यायची आहे ती ही ओळ.

फुलांबद्दल, घड्याळाबद्दल, बावीस वर्षांच्या सोबतीबद्दल सगळ्यांचे आभार. बोलण्यात काही उणंअधिक गेलं असेल तर तुम्ही पोटात घालाल. पण मला ज्यांची माफी मागायची आहे, ते या सभागृहात नाहीत. मी थेंब पाहिला, त्याच्या दुसऱ्याच दिवशी नवी तुकडी आली. मी कपाट उघडलं, यांची काचपट्टी उजेडात धरली आणि म्हणाले, "नीट बघून ठेवा. असं करायचं नाही."